खालच्या कप्प्यातला फ्लास्क

मी इन्क्युबेटर बोलतोय. पेशींच्या प्रयोगशाळेतला, तीन नंबरचा. लांबून पाहिलंत तर मी छोट्या फ्रीजसारखा दिसेन, पण माझं काम बरोबर उलटं. फ्रीज गार ठेवतो, मी ऊब देतो. आत सदतीस अंश, म्हणजे माणसाच्या अंगाइतकी ऊब. तळाशी पाण्याचा ट्रे, हवा दमट राहावी म्हणून. मागच्या नळीतून थोडासा कार्बन डायऑक्साइड. एवढं मिळालं की माणसाच्या शरीरातून काढलेल्या पेशी माझ्या पोटात सुखाने वाढतात. त्या राहतात प्लास्टिकच्या चपट्या बाटल्यांत. त्यांना इथे फ्लास्क म्हणतात.

कारखान्यात माझ्या भिंती दुहेरी केल्या, दारंही दोन लावली. बाहेरचं पोलादी, आतलं काचेचं. तीन दिवस मला रिकामंच तापवून ठेवलं आणि आकडा जरासुद्धा हलत नाही म्हटल्यावर खोक्यात भरलं. इथे आलो तेव्हा लिफ्टच्या दारात दोन बोटांनी अडलो. मग चार माणसांनी मला जिन्याने वर आणलं. पुढे उलटं चालत एक गृहस्थ सूचना देत होते, "सावकाश. पोटुशी बाई नेतोय असं समजा."

ते मामा. इथले तंत्रज्ञ. या इमारतीत त्यांचं सख्खं भाचरू एकही नाही, पण दरवानापासून सरांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. त्यामुळे त्यांच्या बायकोला कुणी पाहिलेलं नसतानाही ती मामी झाली होती. मामी शिवणाचं दुकान चालवत. प्रयोगशाळेतले बटणं तुटलेले पांढरे कोट मामा पिशवीतून घरी नेत आणि दुसऱ्या दिवशी ते धडके होऊन येत.

माणसांच्या सवयी मला दारावरून कळतात. कुणी कोपराने दार उघडतं. कुणी दोन्ही दारं सताड उघडून आपण काय घ्यायला आलो होतो याचा विचार करत उभं राहतं, आणि माझी ऊब निघून जाते. काही जण फ्लास्कशी बोलतात. मामा तेवढे बाहेरचं दार उघडून काचेतून बघत, काम असेल तरच आतलं उघडत, आणि दर सोमवारी ट्रे धुऊन ताजं पाणी भरत.

ताई आल्या तेव्हा मला इथे येऊन सहा वर्षं झाली होती. त्या आठ वर्षं शाळेत विज्ञान शिकवून मग संशोधनाला आलेल्या. बाकीच्या विद्यार्थ्यांपेक्षा मोठ्या, म्हणून ताई. प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे सर, त्यांच्याहून वयाने दोन वर्षांनी लहान. तेही कधी कधी चुकून ताई म्हणून जात आणि मग चष्मा पुसत बसत.

पहिले चार महिने त्यांच्या फ्लास्कमध्ये बुरशीच आली. नंतर हात बसला. शिकवायची खोड मात्र गेली नव्हती. समोर वर्ग नसला की मामा असत.

"मामा, या दोन फ्लास्कमध्ये काय फरक दिसतो?" एकदा माझ्यातून दोन फ्लास्क काढून त्यांनी विचारलं.

"हा पिवळा, हा गुलाबी."

पेशी ज्या द्रवात ठेवतात त्याला मीडियम म्हणतात. त्यात एक रंग घातलेला असतो. पेशी साखर भराभर खाऊ लागल्या की आम्ल बाहेर टाकतात आणि गुलाबी मीडियम पिवळं पडत जातं. एवढं मामांना माझ्याइतकंच पाठ होतं.

"साखर दोन्हींत सारखीच आहे. मोजून घातलीय," ताई म्हणाल्या.

"मग गुलाबीतल्या पेशी आजारी असतील."

"ठणठणीत आहेत. फक्त त्यांना कुणी जेवा म्हटलेलं नाही."

मामांनी स्टूल पुढे ओढलं. ताई सांगू लागल्या.

"पेशी साखरेच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेली असली तरी मनाला येईल तेवढं खात नाही. तिच्या अंगावर कान असतात असं समजा. शरीराकडून निरोप येतो, वाढ म्हणून. तो कानात पडला की आत एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जातो. मग साखर आत घ्यायची दारं पेशीच्या पोटातून वर येऊन कडेला लागतात. आतली चूल पेटते. त्याच साखरेतून नवी पेशी बांधायचं सामानही तयार होतं. निरोप आला नाही, तर ती जगण्यापुरतं खाते आणि गप्प बसते."

"भिडस्त पाहुण्यासारखं," मामा म्हणाले. "आग्रह केल्याशिवाय ताट पुढे करायचं नाही."

"अगदी तसंच. कॅन्सरच्या काही पेशींचा हा कानच बिघडलेला असतो. कुणी काही म्हणत नसताना त्यांना सारखं ऐकू येतं. वाढ, जेव, वाढ, जेव. मग त्या खातच सुटतात."

ताईंचं सगळं काम या बिघडलेल्या कानावर होतं. त्यांच्या फ्लास्कमधल्या पेशी फार वर्षांपूर्वी कुणा रुग्णाच्या फुप्फुसातल्या गाठीतून काढलेल्या. दोन दिवसांत मीडियम लिंबासारखं पिवळं करायच्या.

पुढच्या वर्षी मामा एकाएकी नऊ दिवस आले नाहीत. कुणाच्या लक्षात आलं नाही आणि माझा ट्रे कोरडा पडला. मी आकडा सदतीसवर धरून ठेवला, पण दमटपणा माझ्या हातात नसतो. फ्लास्कमधलं मीडियम आटू लागलं. दहाव्या दिवशी मामा आले. खांद्यावरची पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांनी पाणी भरलं.

ताई मागे येऊन उभ्या राहिल्या. "मामा, सगळं बरं आहे ना?"

"मामीचा खोकला जात नव्हता. चार महिने झाले. तपासलं तर फुप्फुसात गाठ निघाली. पसरलीय म्हणाले, ऑपरेशन होणार नाही. तिच्या गाठीची तपासणी केली आणि एक गोळी दिलीय. रोज एक." त्यांनी खिशातून गोळ्यांचं रिकामं पाकीट काढलं. "जरा वाचून सांगता? अक्षर फार बारीक आहे."

ताईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. "मामा, माझ्या फ्रीजमध्ये हेच औषध आहे."

"हेच?"

"माझ्याकडे पूड आहे, पण हेच. त्या बिघडलेल्या कानात बोळा घालतं. पुढच्या आठवड्यात पेशींना द्यायला सुरुवात करणार आहे."

मामांनी पाकिटाची नीट घडी घालून ते परत खिशात ठेवलं. "मग बरं झालं," ते म्हणाले. "औषध ओळखीचं निघालं."

औषध घातलेले सहा फ्लास्क माझ्या मधल्या कप्प्यात आले. शेजारी बिनऔषधाचे सहा. चौथ्या दिवशी बिनऔषधाचे पिवळेधमक झाले होते आणि औषधाचे गुलाबीच. नवव्या दिवशी ताईंनी ते मायक्रोस्कोपखाली पाहिले. पेशी तळ सोडून तरंगत होत्या, चुरा झालेल्या. कानात बोळा बसला, साखरेची दारं मिटली, चूल विझली. सर येऊन बघून गेले. वर्षातून दोनदाच म्हणतात तो शब्द त्यांनी उच्चारला, "छान. गुलाबी म्हणजे संपल्या. आता लिहायला घ्या."

तिकडे मामींचा खोकला तीन आठवड्यांत थांबला. त्या दोन मजले न थांबता चढल्या, ही बातमी मामांनी प्रत्येकाला वेगळी सांगितली.

ताईंनी औषधाचे सहाही फ्लास्क फेकायला सांगितले. मामांनी पाचांत ब्लीच ओतलं. सहावा त्यांनी हातात घेतला. मग त्यावरचं लिहिलेलं स्पिरिटने पुसलं, फक्त तारीख घातली आणि तो माझ्या खालच्या कप्प्यात, अगदी मागे, सरकवून दिला. माझ्यापाशी कुणी गुपित ठेवलं ते एवढंच.

हेतू वावगा नव्हता. त्या पेशी शेवटच्या एकीपर्यंत गेलेल्या त्यांना बघायच्या होत्या. दर तिसऱ्या दिवशी ते ताईंच्या बाटलीत उरलेलं औषधाचं मीडियम घालत, आणि दर शनिवारी फ्लास्क मायक्रोस्कोपखाली धरत. पहिल्या शनिवारी शीळ वाजवत परत आले. दुसऱ्या शनिवारीही.

सहाव्या शनिवारी ते बराच वेळ स्टुलावरून उठले नाहीत. आले आणि फ्लास्क जागेवर ठेवला. रंग गुलाबीच होता. पण बाहेरचं दार लावायचं ते विसरले, सात वर्षांत पहिल्यांदा. मला घंटा वाजवावी लागली.

सोमवारी त्यांनी फ्लास्क बेसिनपाशी नेला, ब्लीचच्या बाटलीचं झाकण काढलं. झाकण लावलं. फ्लास्क माझ्याकडे परत आला. मंगळवारीही तेच. बुधवारी ताई आल्या आल्या ते त्यांच्यासमोर उभे राहिले.

"ताई, न विचारता एक गोष्ट केलीय. एक फ्लास्क मी फेकला नव्हता."

ताईंनी मायक्रोस्कोपला डोळा लावला.

"औषध घालत होता?"

"दर तिसऱ्या दिवशी. तुमचंच उरलेलं."

"एकूण किती दिवस झाले?"

"पहिल्यापासून धरले तर पंचावन्न."

"या वाढतायत, मामा," ताई हळू म्हणाल्या. "चिमूटभर आहेत, एका कोपऱ्यात. पण वाढतायत."

"रंग तर गुलाबी आहे."

"साखरेला तोंड लावत नसतील. दुसरंच काहीतरी खाऊन जगतायत."

"कान बंद असताना?"

"हो. आग्रहाची वाट बघायचंच सोडून दिलंय त्यांनी." बोलून झाल्यावर ताईंच्या लक्षात आलं आपण हे कुणाला सांगतोय. त्यांनी डोळा बाजूला केला आणि मामांकडे पाहिलं. "तुम्ही हा फेकून देऊ शकला असता. मला कधीच कळलं नसतं."

"दोनदा बेसिनपर्यंत गेलो होतो."

"मग?"

"फेकल्या असत्या तर बाटलीतल्या गेल्या असत्या," मामा म्हणाले. "घरच्या कुठे गेल्या असत्या?"

सरांना हे पटलं नाही. त्यांचंही चूक नव्हतं. "लेबल नसलेला फ्लास्क हा पुरावा होत नाही," ते माझ्या डोक्यावर बोटं वाजवत म्हणाले. "दुसऱ्या कुणाच्या पेशी त्यात गेल्या नसतील कशावरून? आणि आपला लेख तयार आहे."

"मान्य," ताई म्हणाल्या. "म्हणून पुन्हा करू. लेबल लावून. तोवर लेख थांबू दे."

"दोन महिने जातील."

"नऊ दिवसांवर थांबलो म्हणून तर फसलो, सर."

सरांनी चष्मा काढून पुसला. "बरं. दोन महिने."

माझा अख्खा खालचा कप्पा ताईंना मिळाला. सहापैकी चार फ्लास्कमध्ये त्याच चिवट पेशी उरल्या. मग ताई त्यांच्या ताटातला एकेक पदार्थ काढून बघू लागल्या. साखर जवळजवळ बंद केली, तरी पेशींना फरक पडला नाही. ग्लुटामीन नावाचा प्रथिनांतला एक घटक काढला आणि अकराव्या दिवशी त्या तळ सोडून तरंगू लागल्या. या वेळी कुणी छान म्हटलं नाही. आणखी दोन महिने फ्लास्क ठेवले. शनिवारी मामा बघत, बुधवारी ताई. काही उगवलं नाही.

शेवटच्या शनिवारी मामांनी विचारलं, "मग हे मामीला देता येईल?"

"मामा, बाटलीतून मी एक घटक काढू शकते. माणसाच्या अंगातून तो काढता येत नाही, शरीर तो स्वतःच तयार करतं. पेशींना तेवढा पोहोचू नये असं औषध शोधावं लागेल. त्याला वर्षं जातील."

"किती?"

"मामींना उपयोगी पडेल इतक्या लवकर नाही होणार." ताईंनी हे नजर न चुकवता सांगितलं. मामांनी मान हलवली आणि स्टूल जागेवर ठेवलं.

पंधरा दिवसांनी एका दुपारी मामी स्वतःच आल्या. लहानशा चणीच्या, गळ्यात चष्म्याची दोरी, बोटाला सुयांचे बारीक डाग. कोटांची बटणं लावणारी व्यक्ती म्हणून सगळे त्यांना बघायला आले आणि सरांनी सगळ्यांना कामाला पिटाळलं.

"ताई, मी तुमच्याशीच बोलायला आले," त्या म्हणाल्या. मामा शेजारीच उभे होते, त्यांच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. "हे घरी आले की माझ्याकडे असे बघत बसतात, जसं मी दूध आहे आणि आत्ता उतू जाणार. यांना काहीतरी ठाऊक आहे. यांना विचारलं तर भिंतीवरचं घड्याळ बघतात. तुम्ही सांगा."

ताईंनी मामांकडे पाहिलं. मामांनी मला उघडलं आणि खालच्या कप्प्यातला एक फ्लास्क काढून मायक्रोस्कोपखाली ठेवला. मामींनी चष्मा वर सरकवला आणि वाकून पाहिलं.

"या का त्या? नवशिक्या पोरीने घातलेल्या टाक्यांसारख्या दिसतायत. एक सरळ नाही."

ताईंनी सगळं सांगितलं. कान, बोळा, साखर, आणि बोळा असूनही उरलेल्या चिवट पेशी.

"म्हणजे गोळी एक दिवस लागू पडायची थांबेल."

"बहुतेक. कुणाला वर्ष मिळतं, कुणाला जास्त. नेमकं सांगता येत नाही. तोवर मात्र ती चांगलं काम करते."

"आत्ता करतेय ना?"

"हो. तुमच्या तपासण्या उत्तम आहेत."

"मग हे आत्तापासून तोंड पाडून का बसलेत?" मामी वळल्या. "अहो, मला सांगायचं होतंत."

"तुला त्रास नको म्हणून..."

"बत्तीस वर्षांत तुम्हाला माझ्यापासून एक गोष्ट धड लपवता आली नाही. या वयात नवं शिकायला जाऊ नका." त्यांनी फ्लास्क अलगद उचलून मामांच्या हातात दिला. "हे आत ठेवा, गार होईल. आणि रजा काढा. बहिणीकडे जायचं किती वर्षं राहिलंय. समुद्रापाशी राहते आणि मी अजून तिचं घर पाहिलेलं नाही."

मामांनी महिनाभराची रजा घेतली. तो महिना ताईंनी माझा ट्रे दर सोमवारी स्वतः भरला आणि दारावर चिठ्ठी लावून तारखा लिहिल्या. मामा परतले तेव्हा नाकाचा शेंडा सोलवटला होता. मामी पाण्यात गुडघ्यापर्यंत गेल्या आणि बाहेर यायलाच तयार नव्हत्या, हेही त्यांनी प्रत्येकाला वेगळं सांगितलं.

ताईंचा लेख छापून आला. शेवटचं चित्र त्या कोपऱ्यातल्या पेशींचं होतं, आणि लेखकांच्या नावांत मामांचंही नाव होतं. ताईंनी ते घातलं आणि सरांनी एका शब्दाने अडवलं नाही. मामांनी लेख घरी नेला. दुसऱ्या दिवशी ताईंनी विचारलं, मामी काय म्हणाल्या?

"म्हणाली, माझ्या आजारपणावर नाव कमावलंत, लक्षात ठेवा."

गोळीने त्यानंतर चौदा महिने साथ दिली. खोकला पुन्हा आला तेव्हा मामांनी हवा बदलली असेल म्हणून वाट पाहिली नाही. तिसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. औषध बदललं, आणखी अकरा महिने मिळाले. त्यात मामींनी दुकान शेजारणीच्या हवाली केलं, तिला कापड बेतायला शिकवलं, आणि बहिणीकडे आणखी दोनदा जाऊन आल्या. मग एका सकाळी दवाखान्यात त्या गेल्या. फोन आला तेव्हा ताई माझं दार उघडून उभ्या होत्या. त्यांनी फोन ठेवला, दोन्ही दारं लावली आणि कोट न काढताच निघाल्या.

मामा पंधरा दिवसांनी आले. सोमवार नव्हता आणि ट्रे भरलेला होता. त्यांनी तो काढला, घासला, पुसला, ताजं पाणी भरलं आणि जागेवर ठेवला. मग बाहेरच्या दारावरचे हातांचे ठसे पुसत राहिले. ते सगळे पुसून गेल्यावरही पुसत होते.

याला आता काही वर्षं झाली. मामा निवृत्त झाले. ताईंची दुसरीकडे स्वतःची प्रयोगशाळा आहे. त्या चिवट पेशींचं ताट कसं काढून घ्यायचं याचा शोध तिथे चालू आहे. एका औषधाने उंदरांत थोडं यश आलंय, असं त्या परवा सरांना सांगत होत्या. त्या खास मला बघायला आल्या होत्या असं म्हणणार नाही, पण जाताना दारावर हात ठेवून गेल्या.

मी सतरा वर्षांचा झालो. माझ्या जागी नवा आलाय. मी जिन्यापाशी उभा आहे, पोटात रिकामी खोकी भरलेली. एका शाळेने मला मागितलंय. मुलांना बिया रुजताना दाखवायच्या आहेत म्हणे. मला चालेल.

जो कुणी मला तिथे लावेल त्याला एकच सांगणं. माझ्या दारावर अजून सदतीस आकडा दिसतो, पण आत छत्तीसच असतात. हल्ली माझं मलाच कळत नाही. मी फसवत नाही, मला खरोखर सदतीसच वाटतात. म्हणून माझ्यावर विसंबू नका. आत आपला थर्मामीटर ठेवा, दार लावा, तासाभराने येऊन वाचा, आणि जेवढं कमी भरेल तेवढं वाढवून घ्या. बाकी ऊब माझ्यात अजून पुष्कळ आहे.